चावी डिकीत आणि गाडी कुलूपबंद: असे का होते, आणि झाल्यावर काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याचे एक गृहस्थ कुटुंबासह सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीच्या दर्शनाला गेले होते. जेवण उरकल्यावर गाडीचे चारही दरवाजे त्यांनी हँडलवरचे बटण दाबून बंद केले आणि मग भरिताचे रिकामे डबे ठेवायला डिकी उघडली. डब्यांच्या पिशवीतच हातातली स्मार्ट चावी टाकली गेली आणि झाकण दाबले गेले. गाडीने ना आवाज केला, ना झाकण परत उघडले. दुसरी चावी घरी कपाटात होती. शेवटी एका माणसाला बोलावण्यात आले; त्याने चालकाच्या दाराची वरची चौकट वाकवून फटीतून तार घातली आणि आतली कडी ओढली. आता साठच्या पुढे वेग गेला की त्या दारातून शिट्टीसारखा आवाज येतो. चावी आत असताना गाडी बंद झालीच कशी, त्या वेळी काय करायला हवे होते आणि वाकलेल्या दाराचे आता काय करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी जळगावात गाड्यांच्या वायरिंगचे आणि चाव्यांचे काम करतो. "चावी आत राहिली तर ही गाडी लॉकच होत नाही," असे शोरूममध्ये सांगितले जाते आणि ग्राहक ते ब्रह्मवाक्य मानून चालतो. ते विधान बहुतांशी खरे आहे, पण ज्या अटींवर ते खरे ठरते त्या अटी कोणी सांगत नाही.

या चावीचे काम दोन वेगवेगळ्या रेडिओ लहरींवर चालते. आपण हँडलवरचे बटण दाबता तेव्हा गाडीतील छोटे अँटेना सुमारे 125 किलोहर्ट्झच्या अगदी कमी वारंवारितेवर चावीला हाक मारतात. चावी ती ऐकते, प्रत्येक अँटेनाकडून आलेली लहर किती जोरकस आहे हे मोजते आणि आपले उत्तर 433.92 मेगाहर्ट्झवर परत पाठवते. त्या मापांवरून गाडीचा कंट्रोल युनिट ठरवतो की चावी दाराबाहेर आहे, आसनावर आहे की डिकीत आहे. गाडीची हाक मुद्दामच मंद ठेवलेली असते. ती मीटर-दीड मीटरपलीकडे जात नाही, कारण ती गेली तर रसवंतीवर उभ्या असलेल्या मालकाच्या खिशातल्या चावीमुळे दुसराच कोणी दार उघडू शकेल. शिवाय इतक्या जवळच्या अंतरात ही हाक चुंबकीय क्षेत्राच्या रूपात पसरते आणि तिचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की जोर आठपट कमी होतो. त्यामुळे "चावी आत आहे" हा निर्णय गाडी नेहमीच काठावरच्या मापावर घेत असते, आणि थोडाही अडथळा आला तर तो निर्णय उलटा पडतो.

आपल्या प्रसंगात अडथळा कोणता, हे मला प्रश्नातूनच दिसते. स्टीलचे डबे. चावी दोन-तीन डब्यांच्या मधोमध जाऊन बसली की चहूबाजूंनी धातूची भिंत उभी राहते. गाडीची मंद हाक चावीपर्यंत धडपणे पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी इतकी क्षीण होऊन पोहोचते की गाडीच्या दृष्टीने ती चावी तिथे नसतेच. त्यात चावीतला सेल जुना असेल, तर उरलेसुरले उत्तरही लंगडे पडते. हा सेल बहुतेक गाड्यांत सीआर 2032 असतो: 20 मिलिमीटर व्यासाचा, 3.2 मिलिमीटर जाडीचा, 3 व्होल्टचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चावी डॅशबोर्डवर पडून राहण्याची सवय असेल तर तो लवकर उतरतो. बहुतेक उत्पादक अशा सेलला 60 अंश सेल्सिअसपर्यंतच चालण्याची हमी देतात आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान त्याहून वर जाते.

अडथळ्यांची आणखी काही ठिकाणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. चावी मोबाइलला चिकटून एकाच खणात पडली असेल तर फोनचा धातू आणि त्यातला विद्युत गोंगाट दोन्ही आड येतात. बिनतारी चार्जरच्या पट्टीवर ठेवलेली चावी हे तर खात्रीचे दुखणे आहे, कारण तो चार्जर साधारण 110 ते 205 किलोहर्ट्झ या पट्ट्यात चालतो आणि गाडीची हाक नेमकी त्याच पट्ट्यात असते. डॅशबोर्डचा काचेलगतचा कोपरा, आसनाखालचा पत्रा, दाराचा खिसा, ग्लोव्ह बॉक्स या जागांबद्दल गाडीच्या पुस्तिकेतच सावध केलेले असते, पण ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलेली गाडी मला क्वचितच भेटते.

दुसरी गोष्ट अशी की गाडी हा शोध प्रत्येक वेळी घेत नाही. हँडलवरच्या बटणाने लॉक करताना ती आत डोकावते; परंतु लॉक होण्याचे इतर मार्ग असतात आणि त्यांत ही तपासणी गाडीगणिक वेगळी असते. रिमोटने लॉक सोडले आणि साधारण अर्ध्या मिनिटात एकही दार उघडले नाही, तर बहुतेक गाड्या स्वतःहून परत बंद होतात. आपण फक्त डिकी उघडून सामान लावत असाल आणि चावी त्या सामानातच ठेवली असेल, तर काही गाड्यांत हा अर्धा मिनिट नकळत निघून जातो. पिशवीत सामानाखाली दबलेल्या चावीचे लॉकचे बटण आपोआप दाबले जाते, हा प्रकारही मी पाहिला आहे. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत एक चावी आत असताना दुसऱ्या चावीने बाहेरून लॉक केले, तर आतली चावी तात्पुरती निष्क्रिय केली जाते. हा दोष नसून चोराने काच फोडून आतली चावी वापरू नये म्हणून केलेली सोय आहे. आणि डिकीचे तर स्वतंत्रच आहे: चारही दारे आधीच बंद असतील, तर झाकण दाबताच ते यंत्राने अडकते. डिकीतल्या अँटेनाने चावी ओळखली तरच ते परत उघडते किंवा इशारा देते. न ओळखल्यास सगळा मामला आत बंद होतो. आपल्या बाबतीत नेमके हेच झाले.

आता त्या वेळी काय करायला हवे होते याकडे येतो. पण चावीचा विचार करण्याआधी एक गोष्ट पाहायची असते. गाडीत कोणी आहे का? लहान मूल, वृद्ध माणूस किंवा पाळीव जनावर आत असेल, तर पुढचा एकही परिच्छेद वाचत बसू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती, आणि काच किंचित खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. ज्या दिवशी बाहेरचे तापमान केवळ 22 अंश होते, त्या दिवशीही वाढ जवळपास तेवढीच होती. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा हिशेब कोणालाही करता येईल. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगाने तापते. अशा वेळी चावीवाल्याची वाट पाहू नये. एकाने 112 वर फोन लावावा आणि दुसऱ्याने मुलापासून सर्वात लांब असलेल्या बाजूच्या दाराची काच फोडावी.

ही काच कशी फोडावी हेही सांगून ठेवतो, कारण घाबरलेला माणूस नेमका चुकीच्या जागी मारतो. पुढची मोठी काच दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. तिला तडे जातात, पण ती मोकळी होत नाही. तिच्या नादी लागू नये. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत तापवून कडक केलेल्या असतात आणि त्या मधोमध लवचीक व कोपऱ्याशी नाजूक असतात. म्हणून जॅकचा दांडा, पाना किंवा टोकदार दगड घेऊन खालच्या कोपऱ्यावर, कडेपासून चार बोटे आत, जोरात मारावे. हाताला उपरणे किंवा टॉवेल गुंडाळावा आणि तोंड वळवून घ्यावे. काच एकदम ज्वारीच्या दाण्यांएवढ्या तुकड्यांत कोसळते. मागच्या दाराजवळची छोटी तिकोनी काच स्वस्त असेल म्हणून ती फोडण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. ती पुष्कळदा डिंकाने चिकटवलेली असते, तिच्यातून हात कडीपर्यंत पोहोचत नाही आणि बदलायला ती कधी कधी मोठ्या काचेपेक्षा महाग पडते.

इंजिन चालू आहे, एसी चालू आहे आणि आतल्या लहानग्याने खेळता खेळता सेंट्रल लॉकचे बटण दाबले आहे, हा प्रसंग मंदिरांच्या पार्किंगमध्ये आणि लग्नाच्या मांडवाबाहेर वरचेवर घडतो. एसी सुरू असेतोवर थोडी उसंत मिळते. मूल मोठे असेल तर काचेतून खुणेने आतली कडी दोनदा ओढायला सांगावी. बऱ्याच गाड्यांत पहिल्या ओढीने लॉक सुटते आणि दुसऱ्या ओढीने दार उघडते. मात्र मूल रडायला लागले, घामाघूम झाले किंवा एसी बंद पडला, तर लगेच काच.

आत कोणी नसेल, तर घाई करण्याचे काही कारण नाही. पहिल्यांदा पाचही दारे ओढून पाहावीत, डिकी धरून. हे बालिश वाटेल, पण एखादे दार नीट न लागल्यामुळे उघडेच असते, आणि ते गडबडीत कोणी तपासलेले नसते. त्यानंतर गाडीला मोबाइल ॲप जोडलेले आहे का हे आठवावे. सुझुकी कनेक्ट, ब्लूलिंक, आयआरए, ॲड्रेनॉक्स यांसारख्या सेवांतून दार दुरून उघडता येते, मात्र गाडीचे मॉडेल त्या सुविधेचे हवे, वर्गणीची मुदत चालू हवी आणि गाडीला व फोनला दोघांनाही नेटवर्क हवे. मनुदेवी, तोरणमाळ किंवा पाल अशा डोंगराच्या कुशीतल्या ठिकाणी ते मिळेलच असे नाही. त्यातून फोनच पिशवीत, म्हणजे डिकीत असेल, तर दुसऱ्याच्या फोनवर ॲप उतरवून आपल्या खात्याने प्रवेश करता येतो, फक्त परवलीचा शब्द आणि ओटीपी येणारा क्रमांक हाताशी हवा. घरच्या दोन माणसांच्या फोनमध्ये हे ॲप आधीच चालू करून ठेवणे शहाणपणाचे.

ॲप नसेल तर दुसरी चावी हा सर्वात स्वस्त आणि निर्धोक उपाय. चोपड्याहून कोणाला तरी मोटारसायकलवर चावी घेऊन बोलावणे हे तासाभराचे काम झाले असते, आणि तेवढा वेळ देवीच्या प्रांगणात सावलीत बसणे वाकलेल्या दारापेक्षा नक्कीच परवडले असते. घरच्या चावीचे बटण फोनच्या तोंडाशी दाबायचे आणि इकडे फोन गाडीला लावायचा, म्हणजे दार उघडते, असा एक समज अजून जिवंत आहे. त्याने काहीही होत नाही. फोन आवाज वाहून नेतो, आणि चावी आवाज काढत नसून रेडिओ लहर सोडते.

तेही जमण्यासारखे नसेल, तर विम्याच्या कागदावर किंवा कंपनीच्या वॉरंटीबरोबर रस्त्यावरील मदतीची सेवा घेतली आहे का ते पाहावे. चावी आत अडकणे हा प्रकार त्या सेवेत बहुतेक वेळा धरलेला असतो. धुळे-जळगाव-भुसावळ या महामार्गाच्या पट्ट्यात माणूस लवकर येतो. यावल, रावेर किंवा अक्कलकुव्याच्या आतल्या भागात वेळ लागतो, हे गृहीत धरावे.

अखेर चावीवाला बोलवावा लागला, तर त्याच्याकडून काय अपेक्षा करावी हे माहीत असणे महत्त्वाचे आहे. जाणता कारागीर आधी गाडी आपलीच आहे याची खात्री करून घेतो. तो आरसी मागतो. कागद आत असतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील आरसी दाखवावी, ती ग्राह्य असते. जो माणूस काहीही न विचारता सरळ तार काढतो, तो उद्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपलीही गाडी उघडून देईल. त्यानंतर तो चालकाच्या दाराचे हँडल न्याहाळतो. स्मार्ट चावीच्या गाडीला चावीचे भोक नसते असे वाटते, पण ते असते. काही गाड्यांत ते उघडे दिसते आणि काहींत हँडलच्या टोकाशी असलेल्या टोपणाखाली झाकलेले असते. त्या लॉकवर त्याच मापाच्या अवजाराने काम केले, तर गाडीच्या पत्र्याला, रंगाला आणि बीडिंगला, म्हणजे दाराच्या कडेच्या रबरी पट्टीला, हातही लागत नाही. माझे मत असे आहे की लॉकच्या भोकातून उघडणे हाच पहिला मार्ग, आणि चौकटीतून आत शिरणे हा नाइलाजाचा.

चौकटीतून जायचेच असेल, तर त्यासाठी हवा भरायची चपटी पिशवी असते. ती रबराच्या फटीत सरकवून हळूहळू फुगवतात, कडेला प्लास्टिकची पाचर लावतात आणि बोटभर फटीतून प्लास्टिकचे वेष्टण असलेली लांब सळई आत घालून कडी किंवा बटण गाठतात. चौकट तेवढ्यापुरती लवते आणि पिशवी काढताच जागेवर येते. स्क्रूड्रायव्हर, पहार किंवा नुसत्या हातांनी दार बाहेर ओढले की पत्रा आपल्या लवचिकतेच्या मर्यादेबाहेर जातो, आणि मग तो परत येत नाही. काचेच्या आणि दाराच्या मधून पोलादी पट्टी खाली घालण्याची जुनी रीत तर आता सोडूनच द्यावी. आजच्या दारात वायरिंग, लॉकची मोटर, काच उचलणारे यंत्र असते, काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सरही असतो. पट्टीने तार तुटली तर दार उघडेल, पण खर्च पुढे महिनाभर येत राहील.

दार यांत्रिक मार्गाने उघडल्यावर अलार्म वाजू शकतो. त्याने गांगरून जाऊ नये. चावी गाडीतच असल्यामुळे तिचे अनलॉक बटण दाबले किंवा स्टार्टचे बटण दाबून इंजिन सुरू केले की तो थांबतो. चावीचा सेल पूर्ण उतरला असेल, तर बऱ्याच गाड्यांत चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबावे लागते. चावीतल्या छोट्या चिपला गाडी जवळून वीज पुरवते आणि ओळखते.

पुढच्यासाठी एक उपाय मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, आणि तो फुकट आहे. स्मार्ट चावीच्या बाजूला एक छोटी खिट्टी असते. ती दाबली की आतून धातूची साधी किल्ली निघते. दुसऱ्या चावीतली ती किल्ली काढून पत्नीच्या पर्समध्ये किंवा आपल्या पाकिटात ठेवावी. तिच्यात ना सेल, ना चिप, ना रेडिओ. त्यामुळे ती गाडीत राहिली काय आणि बाहेर राहिली काय, गाडीला कळत नाही. तिने चालकाचे दार उघडते आणि आत अडकलेल्या मूळ चावीने गाडी सुरू होते. गाडीची 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरली असेल, तेव्हाही हीच किल्ली कामी येते, कारण त्या वेळी रिमोट आणि ॲप दोन्ही निरुपयोगी ठरतात. मात्र हे लॉक वर्षानुवर्षे वापरले जात नाही आणि आपल्याकडची धूळ त्यात घट्ट बसते. वर्षातून दोनदा ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडे वंगण घालून ते एकदा फिरवून पाहावे. तेल घालू नये. ते धूळ धरून ठेवते. चावीचा सेल दर दीड-दोन वर्षांनी, चाललेला असला तरी, बदलावा. गाडीच्या पडद्यावर सेल कमकुवत असल्याची खूण दिसली, तर त्याच आठवड्यात बदलावा.

आता वाकलेल्या दाराचे. शिट्टी येते म्हणजे चौकट आणि बीडिंग यांच्यात फट राहिली आहे. ती कुठे आहे हे घरीच शोधता येते: वर्तमानपत्राची दोन बोटे रुंदीची पट्टी फटीच्या जागी ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढावी. सगळीकडे ती सारख्याच जोराने अडकायला हवी. जिथे अलगद निघून येते, तिथे चौकट बाहेर आली आहे. त्यानंतर दारावर नळीने पाणी सोडून आत कोणीतरी बसून पाहावे. फट थोडी असेल, तर डेंटिंगचा चांगला कारागीर दार न उतरवता, लाकडी ठोकळ्याचा टेकू देऊन चौकट जागेवर दाबतो. बीडिंग फाटली किंवा चेपली असेल, तर ती बदलावी, रबराखाली कापड किंवा फोम कोंबू नये. पत्र्याला घडी पडली असेल किंवा रंग तडकला असेल, तर काम मोठे आहे आणि विम्याचा विचार मनात येईल. पण विम्यात दावा केल्यास नो क्लेम बोनस जातो, आणि तो पहिल्या दावारहित वर्षानंतर 20 टक्क्यांपासून पाचव्या वर्षानंतर 50 टक्क्यांपर्यंत असतो. दुरुस्तीचा अंदाज आणि पुढच्या हप्त्यात जाणारी सवलत या दोन रकमा शेजारी मांडून मगच ठरवावे. पाणी मात्र आत येऊ देऊ नये, कारण ते दारातून खाली कार्पेटमध्ये उतरते आणि पुष्कळ गाड्यांत वायरिंगचे जोड तिथेच असतात. म्हणून हे काम रोहिणी नक्षत्र संपायच्या आत करून घ्यावे.